उकळलेलं पाणी आणि डेपोखालची विहीर



या अंकात मी कर्ज परतफेडीच्या वहीबद्दल लिहिणार होते. ते पुढच्या अंकात लिहीन. आधी माझी एक चूक सांगायची आहे, कारण तीच चूक तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या घरात रोज होत असेल.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका गावात ग्रामसंघाची बैठक होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या बायांनीच नको म्हटलं. "पाणी वाईट आहे असं छापून आलं तर आमच्या पोरांना मुली कोण देईल?" असं त्यांचं म्हणणं. या गावाच्या वरच्या अंगाला माळावर शहराच्या नगरपरिषदेचा कचरा डेपो आहे. बैठक उठल्यावर एक वहिनी चार महिन्यांचं बाळ घेऊन आल्या. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून त्यांनी पावडरचं दूध सुरू केलं होतं. "विहिरीचं पाणी जरा पिवळट येतंय, बाळाला चालेल का?" असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "वहिनी, वीस मिनिटं खळखळून उकळा, गाळा आणि खुशाल द्या." शेजारी सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "बघ, मी सांगत होते ना. मॅडमपण तेच म्हणतात."

पंधरा दिवसांनी तालुक्याला पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "पाण्यातलं नायट्रेट उकळल्यावर जातं का?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात "हो" म्हटलं. सर म्हणाले, "घरी पातेलंभर पाण्यात चमचाभर मीठ टाका आणि पाणी निम्मं होईपर्यंत आटवा. मग चाखून बघा, खारटपणा कमी झाला की वाढला?" कोणी बोललं नाही. आमटी आटली की खारट होते, हे आपल्यातल्या कुणाला माहीत नाही? माझ्या डोळ्यांसमोर ते बाळ आलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्या वहिनींना फोन लावला.

उकळल्यानं जंतू मरतात, हे खरंच आहे. जुलाब, कावीळ, टायफॉइड यांच्यासाठी पाणी उकळायलाच हवं, त्यात काही बदल नाही. पण कचऱ्यातून पाण्यात उतरलेले क्षार, नायट्रेट, शिसं यांना मरण नसतं. वाफ होऊन पाणी उडतं आणि ते खाली राहतात. म्हणजे जितकं जास्त उकळाल तितके ते दाट होतात. तुरटीचंही असंच. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो. टीसीएल पावडर जंतूंसाठी आहे. कापडानं गाळलं तर कचरा आणि किडे निघतात. विरघळलेली गोष्ट या तिन्हींनी निघत नाही.

कचऱ्यातून विहिरीत काय येतं?

घंटागाडीतून जो कचरा जातो त्यात साधारण निम्मा ओला असतो. भाजीची देठं, उरलेलं अन्न, फळांच्या साली, मटण-मासळीच्या दुकानांचा कचरा. हा कचरा ढिगात दाबला गेला की कुजतो आणि त्यातून पाणी सुटतं. त्यावर पावसाळा येतो. पावसाचं पाणी ढिगातून झिरपत खाली जाताना वाटेत जे जे विरघळण्यासारखं आहे ते घेऊन जातं, अगदी चहाच्या गाळणीतून जातं तसं. खाली निघतं ते काळपट तपकिरी आणि घाण वासाचं. कागदोपत्री त्याला लिचेट म्हणतात, आपल्या गावातल्या बाया त्याला "काळं पाणी" म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

या काळ्या पाण्यात अन्नातलं मीठ असतं. कुजलेल्या अन्नातला अमोनिया असतो, आणि मातीतून जाताना हवा मिळाली की त्याचं नायट्रेट होतं. शिवाय ढिगात फक्त भाजीपाला नसतो. बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, मोबाइलचे तुकडे हे सगळं एकत्र असतं. ताजा कचरा कुजताना आंबट होतो, आणि आंबट पाण्यात धातू सहज विरघळतात. पितळेच्या बिनकल्हईच्या पातेल्यात ताक ठेवू नये असं आपल्या आज्या सांगायच्या, त्याचं कारण हेच.

आता हे पाणी खाली कसं जातं? आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली पाषाण. जिथे माती जाड आणि चिकण असते तिथे ती थोडंफार गाळण्याचं काम करते. पण डेपोला जागा कुठली देतात? गावाचा माळ. माळावर वीतभर माती आणि लगेच मुरूम. मुरुमातून पाणी सरळ खाली जातं. पाषाणाला भेगा असतात आणि त्या भेगांतून ते आडवं वाहत जातं. विहीर खोदताना "इथून झरा फुटला" म्हणतो ना, तो झरा म्हणजे अशीच एक भेग. भेगेला माहीत नसतं की आपण पावसाचं पाणी नेतोय की डेपोचं.

म्हणून दोन शेजारच्या विहिरींतही फरक पडतो. एक डेपोपासून लांब असून बिघडते, दुसरी जवळ असून बरी राहते. गावात यावरून भांडणं होतात. "माझं पाणी चांगलं आहे, तुमचं कसं खराब?" असं म्हणतात. दोघीही खरं बोलत असतात.

"खोल बोअर घेतला की झालं" हा समज मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. त्यासाठी गटाचं कर्जही मागितलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. बोअर मारताना वरच्या मुरुमात पाइप घालतात, त्याला केसिंग म्हणतात. पैसे वाचवायला केसिंग आखूड घातलं, किंवा त्याच्या भोवतीची फट नीट बुजवली नाही, तर वरच्या थरातलं घाण पाणी त्याच फटीतून खाली उतरतं. म्हणजे खालचं पाणी जे बरं होतं, त्याला आपणच दार उघडून दिलं. दुसरं असं की मोटार जोरात चालली की बोअर चहूबाजूंनी पाणी ओढतो. ओढ जास्त असेल तर डेपोच्या बाजूचं पाणीसुद्धा तिकडे वळतं. डेपोच्या उतारावर खोल बोअरसाठी कर्ज मागणाऱ्या ताईंना माझं सांगणं एवढंच, की आधी शेजारच्या चालू बोअरचं पाणी तपासा, मग अर्ज करा. काही जणी माझ्यावर रागावल्यात. रागावू दे.

पुण्याजवळच्या दोन गावांची गोष्ट

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही नावं तुम्ही ऐकली असतील. माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तेव्हा दिवे घाट चढायच्या आधी हा परिसर लागतो. पुणे महानगरपालिकेनं 1981 पासून तिथे शहराचा कचरा टाकायला सुरुवात केली. आधी जागा 43 एकर होती, पुढे ती 163 एकरांवर गेली. वर्षानुवर्षं उघड्यावर डोंगर साचले. आसपासच्या विहिरी पिण्यालायक राहिल्या नाहीत. ज्या गावांत विहिरींवर बागायती होती, त्या गावांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागली. 2017 च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. ते आंदोलन तीन आठवड्यांवर चाललं आणि पुण्यात रस्त्यांवर कचरा साचला. पुढच्याच वर्षी, 2018 च्या फेब्रुवारीत, औरंगाबादजवळ नारेगावच्या लोकांनीही गाड्या रोखल्या, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

ही दोन उदाहरणं आंदोलन करा म्हणून सांगत नाहीये. मला त्यातली वर्षं महत्त्वाची वाटतात. 1981 ते 2017 म्हणजे छत्तीस वर्षं. त्या काळात लग्न होऊन आलेल्या सुना आज सासवा झाल्या. आणि गाड्या बंद केल्या म्हणून पाणी लगेच सुधारत नाही. वर माती टाकून ढीग झाकला तरी खाली आधी उतरलेलं काळं पाणी भेगांत असतंच, ते वाहून जायला अनेक वर्षं लागतात. नदी एका पुरात धुऊन निघते, जमिनीखालचं पाणी तसं धुऊन निघत नाही.

नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की कचरा भरावाची जागा नदीपासून 100 मीटर, तळ्यापासून 200 मीटर आणि वस्ती व पिण्याच्या विहिरींपासून 200 मीटर लांब हवी. खाली 90 सेंटीमीटर दाबलेल्या चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर हवं. काळं पाणी गोळा करून त्यावर प्रक्रिया करायची. आणि जागेच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आत भूजल वेळोवेळी तपासायचं, पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर. आपल्या गावाच्या वरच्या डेपोवर मी स्वतः जाऊन आले. अस्तर सोडा, तारेचं कुंपणसुद्धा अर्धंच होतं.

वरची विहीर, खालची विहीर

प्रशिक्षणातून आल्यावर आम्ही किट घेऊन त्याच गावात गेलो. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. या गावात तीन जणी शिकलेल्या होत्या, पण किट ग्रामपंचायतीच्या कपाटात, आणि कपाटाची चावी शिपायाकडे. किट बाहेर यायलाच अर्धा दिवस गेला.

सरांनी एक युक्ती सांगितली होती, ती तुम्ही लक्षात ठेवा. एकाच विहिरीचं पाणी तपासून काही सिद्ध होत नाही. डेपोच्या वरच्या अंगाची एक विहीर घ्या आणि उताराकडच्या दोन-तीन घ्या. सगळ्यांचं पाणी एकाच दिवशी तपासा.

आम्ही वरच्या मळ्यातली एक आणि खालच्या ओढ्यालगतच्या दोन विहिरी घेतल्या. किटमधल्या बाटलीत पाणी घ्यायचं, सांगितलेली पावडर किंवा थेंब टाकायचे, थांबायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. वरच्या विहिरीचा रंग अगदी फिका आला. खालच्या विहिरींपैकी एकीचा रंग नायट्रेटच्या तक्त्यात 45 च्या पुढच्या रकान्यात गेला. 45 ही पिण्याच्या पाण्याची शेवटची मर्यादा आहे, एका लिटरमध्ये 45 मिलिग्रॅम. त्यापुढे सवलत नाही. क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, तोही त्याच विहिरीत वरच्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. ही तीच विहीर होती, जिचं पाणी मी त्या वहिनींना उकळायला सांगितलं होतं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नायट्रेटचा धोका सगळ्यात मोठा असतो. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तात गेलं की रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही. बाळाचे ओठ, नखं निळसर पडतात, धाप लागते. असं दिसलं तर अंगारा-धुपारा न करता तडक दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना पाणी कुठलं वापरता ते सांगायचं. आशाताई सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजा म्हणून कानीकपाळी ओरडतात. डेपोखालच्या गावात त्याला हे आणखी एक कारण आहे. गाई-म्हशींनाही जास्त नायट्रेट बाधतं, कारण त्यांच्या पोटातही तेच घडतं.

आणि नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी जड असेल तर डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो. लोह असेल तर कळशीला तांबूस डाग पडतात. हे आपल्याला घरात कळतं. नायट्रेट मात्र पारदर्शक गोड पाण्यातही असू शकतं. त्या वहिनी पिवळट रंगाला घाबरल्या होत्या, खरी भीती रंगात नव्हतीच.

आता दुसरी बाजू. आम्ही ग्रामपंचायतीमार्फत नगरपरिषदेला पत्र दिलं तेव्हा तिथल्या साहेबांनी म्हटलं, "तुमच्या शेतातल्या युरियाचं असेल." आम्हाला राग आला. पण खरं सांगायचं तर ते सगळं खोटं नव्हतं. नायट्रेट युरियातून येतं, उकिरड्यातून येतं, संडासाच्या शोषखड्ड्यातूनही येतं. आणि त्या विहिरीपासून तीस-चाळीस पावलांवर आपल्याच एका गटातल्या ताईंचा उकिरडा होता. मग आम्ही आधी तो हलवला. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत, पण हलवला. पावसाळ्यानंतर परत तपासणी केली. नायट्रेटचा रंग थोडाच उतरला, क्लोराइड तसंच. वरच्या मळ्यातही युरिया तेवढाच पडतो, तरी तिथली विहीर बरी. आता साहेबांना दाखवायला आमच्याकडे दोन हंगामांची वही आहे.

किटवर सगळं कळत नाही. शिसं आणि इतर जड धातू किटमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुना नेतो, त्याला सोबत घ्या. आणि नमुना देताना "कचरा डेपोजवळची विहीर, धातू तपासून हवेत" असं लेखी द्या, नाहीतर नेहमीच्याच चाचण्या होऊन कागद परत येतो. आमचा पहिला कागद तसाच परत आला होता.

तुमच्या गावाजवळ डेपो असेल तर पुढच्या गोष्टी करता येतील. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथे पाण्याचा विषय लिहून घ्यायला लावा आणि ठरावाची नक्कल मागा. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बाया असतात. आपल्या किती जणींना त्या सदस्य आहेत हेच माहीत नाही, ते आधी शोधा. डेपोला परवानगी आहे का, भूजल तपासणीचे अहवाल कुठे आहेत, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्यायची, सोबत आपल्या वहीची झेरॉक्स जोडायची.

शहराला आपण काय सांगणार? कचरा तुमच्याकडेच ठेवा, असं म्हणून तो दुसऱ्या गावच्या माळावर गेला तर काय उपयोग! ओला कचरा ढिगात गेलाच नाही तर काळं पाणी फारसं तयार होत नाही. सिंधुदुर्गात वेंगुर्ला नगरपरिषदेनं घराघरातून वेगळा कचरा घेऊन, ओल्याचा बायोगॅस आणि खत करून, जुन्या डम्पिंगच्या जागेचा कायापालट केला. छोट्या शहराला हे जमतं. पण आपल्या गावात घंटागाडी नाही म्हणून आपणही प्लास्टिक, सेल आणि पॅड ओढ्याच्या काठी टाकतो, तेही याच पाण्यात उतरतं. निदान सेल आणि ट्यूबलाइट तरी वेगळ्या पोत्यात जमवायला या महिन्यापासून सुरुवात करू.

त्या बाळाचं विचारायचं राहिलं असेल. बाळ बरं आहे, आता रांगतंय. वहिनींनी आशाताईंच्या मदतीनं अंगावरचं दूध परत वाढवलं. प्यायचं पाणी वरच्या मळ्यातल्या विहिरीवरून येतं, जाऊन-येऊन पाऊण तास लागतो. खालच्या विहिरीच्या कठड्यावर आम्ही लाल रंगानं "पिण्यासाठी नाही" लिहिलंय. धुण्याभांड्याला तेच पाणी वापरतात. नगरपरिषदेचं दुसऱ्या पत्राला उत्तर आलेलं नाही, पुढची तारीख मिळाली की कळवते.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला डेपोखालच्या, खाणीखालच्या किंवा शहराच्या नाल्यालगतच्या गावांनी दोन-दोन बाटल्या आणायच्या आहेत, एक वरच्या विहिरीची आणि एक खालच्या विहिरीची. बाटली एक लिटरची, साबण न लावता त्याच पाण्यानं तीन वेळा विसळलेली. बोअर असेल तर पाच मिनिटं चालू ठेवून मग भरा. बाटलीवर चिकटपट्टी लावून गाव, विहीर कुणाची आणि तारीख लिहा. किट मी घेऊन येते. कपाटाची चावी आता सीआरपी ताईंकडे आहे.